विशेष काही नाही

कुकरची शिट्टी होईनाशी झाली तर काकूच्या मते रिंग बदलायची असते. नानांच्या मते रिंग हा निष्कर्ष आहे, आणि निष्कर्षावर अशी उडी मारायची नसते. मग ते वाटीत साबणाचं पाणी करतात, दाढीच्या ब्रशने झाकणाच्या कडेकडेने लावतात आणि चष्मा कपाळावर चढवून बुडबुडा कुठे येतोय ते बघत बसतात. "घाई नको. आधी लीक बघू." हे त्यांचं पहिलं ब्रीद. बुडबुडा सापडला की त्यावर बोट ठेवून काकूला हाक मारतात, साक्षीदार म्हणून. शेवटी बदलली जाते रिंगच, पण ती आता पुराव्यानिशी बदललेली असते. वरण दीड तास उशिरा होतं.

नाना आयुष्यभर अतिवाहक चुंबकं बांधत आणि तपासत आले. अशी माणसं तुम्हाला इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात सापडतील, गांधीनगरजवळ भाटच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत सापडतील, दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी अॅक्सिलरेटर सेंटरमध्ये, कोलकात्याला सॉल्ट लेकच्या सायक्लोट्रॉन केंद्रात आणि आपल्या ट्रॉम्बेलाही. यांतल्या नेमक्या कुठल्या प्रयोगशाळेत नाना होते ते लिहीत नाही. छापायचं असेल तर रीतसर मंजुरी घ्यावी लागेल, असं त्यांनी मला निवृत्त झाल्यानंतर सांगितलं. मंजुरी कोणाकडून, तर म्हणे आधी मसुदा दाखव, मग बघू. त्यात लीक शोधतील याची मला खात्री आहे.

त्यांच्या नोकरीचा शेवटचा मोठा भाग गेला वीज साठवणाऱ्या चुंबकांवर. या प्रकाराला एसएमईएस म्हणतात. त्यांच्यात नुसतं 'स्मेस'. तत्त्व सोपं आहे. निओबियम-टायटॅनियमच्या तारेचं वेटोळं करायचं, ते द्रव हेलियमने उणे २६९ अंशांपर्यंत थंड करायचं. तिथे त्या तारेचा विजेला होणारा विरोध संपूर्ण नाहीसा होतो. मग वेटोळ्यात प्रवाह सोडायचा आणि वाट बंद करून टाकायची. प्रवाह फिरत राहतो, त्याच्याभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा बसून राहते, हवी तेव्हा काढून घ्यायची. प्रवाह दुप्पट केला की साठा चौपट. एवढंच. कोणी "एवढंच?" म्हणालं की नानांच्या भुवया वर जातात, कारण त्या "एवढंच"मध्ये त्यांची सदतीस वर्षं गेलेली आहेत.

लग्नकार्यात त्यांची नेमकी इथेच पंचाईत होते. पंगतीत शेजारी कोणीतरी महावितरणमधून निवृत्त झालेलं असतं. "वीज साठवता? वा! किती युनिटं?" नाना जिलबी खाली ठेवतात. कोलकात्याच्या केंद्राने बांधून तपासलेलं वेटोळं ०.६ मेगाज्यूलचं. एक युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल. हिशोब समोरचाच करतो आणि त्याचा चेहरा पडतो: "म्हणजे... एक षष्ठांश युनिट?" घरचा दोन किलोवॉटचा गीझर पाच मिनिटं चालेल एवढी वीज. आंघोळीचं पाणीसुद्धा धड तापायचं नाही. अमेरिकेत १९८३ साली टॅकोमाच्या सबस्टेशनात बसवलेलं चुंबक ३० मेगाज्यूलचं होतं, त्याचीसुद्धा आठ-सव्वाआठ युनिटंच होतात.

"किती ते विचारू नका हो," नाना म्हणतात, "किती लवकर ते विचारा." हे त्यांचं दुसरं ब्रीद. बॅटरी म्हणजे नळ, आमचं म्हणजे बादली एकदम उपडी. ते एक षष्ठांश युनिट एका सेकंदात बाहेर काढलं तर सहाशे किलोवॉट होतात, तेवढा एक सेकंद अख्खा कारखाना सांभाळला जातो. टॅकोमाचं चुंबकसुद्धा गावाला वीज पुरवायला नव्हतंच. वायव्य अमेरिकेतून दक्षिण कॅलिफोर्नियाला जाणाऱ्या लांबलचक वाहिनीवर विजेचे हेलकावे यायचे, सेकंदाला ०.३५ या गतीने, म्हणजे तीन सेकंदांना जेमतेम एक. त्या हेलकाव्याच्या उलट्या बाजूने रेटा देऊन त्याला शांत करणं हे त्या चुंबकाचं काम. नाना हे सांगताना हात लाटेसारखा हलवून दाखवतात आणि दुसऱ्या हाताने ती लाट दाबतात. तोवर वाढपी मठ्ठा घेऊन पुढे गेलेला असतो.

या युक्तिवादाला घरात एकच माणूस पुरून उरतो. काकूने विज्ञान शिकलेलं नाही, पण चाळीस वर्षं विजेचं बिल भरलेलं आहे. तिला माहीत आहे की ४.२ केल्विनला, म्हणजे त्या उणे २६९ अंशांना, एक वॉट उष्णता उपसून काढायची तर बाहेर कित्येकशे वॉटचा कॉम्प्रेसर चालवावा लागतो, आणि तो रात्रंदिवस. "अहो, एक षष्ठांश साठवायला खाल्ली किती युनिटं?" ती विचारते. नाना पेपर वाचायला लागतात.

गंमत अशी की क्षणार्धात वीज देणारं यंत्र बनवण्यात हयात गेलेला हा माणूस स्वतः कमालीचा संथ आहे. चहा पिताना, जिना उतरताना, रिक्षावाल्याला सुटे पैसे देताना. अतिथंड चुंबकाला घाई चालतच नाही. भरभर थंड केलं तर आतला भाग आणि बाहेरचा भाग वेगवेगळे आक्रसतात आणि जोड तडकतात. म्हणून आधी नायट्रोजनच्या मदतीने सावकाश खाली, मग हेलियमने आणखी सावकाश. मोठं वेटोळं असेल तर दिवसच्या दिवस जातात. या सवयीने नाना फ्रिजमधून काढलेलं आंब्याचं भांडंसुद्धा टप्प्याटप्प्याने बाहेर आणतात. आधी फ्रिजचं दार उघडं, मग भांडं ओट्यावर, मग टेबलावर. आम्ही वाट्या घेऊन बसलेलो.

खिसे रिकामे करणं हा त्यांचा आणखी एक विधी. देवळात शिरताना इतर लोक चपला काढतात, नाना चपला काढून शिवाय किल्ल्या, सुटी नाणी आणि पाकीट काढून काकूच्या पर्समध्ये टाकतात. चालू चुंबकाच्या जवळ लोखंडी पाना नेला तर तो हातातून सुटून जातो आणि जाताना मध्ये कोण उभं आहे ते बघत नाही, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलंय की विठोबासमोरही सवय सुटत नाही. घड्याळ ते वापरत नाहीत. दोन घड्याळं चुंबकाने बंद पाडली, त्यानंतर हौस संपली. त्यामुळे वेळेच्या बाबतीत अतिशय काटेकोर असलेला हा गृहस्थ दर दहा मिनिटांनी दुसऱ्याला किती वाजले ते विचारत असतो.

पण नानांचा खरा जीव अडकलेला आहे तो हेलियममध्ये. आपल्याकडे हेलियम बहुतेक सगळा बाहेरून येतो, महाग असतो, आणि एकदा हातातून निसटला की पृथ्वीवरही थांबत नाही, वातावरण सोडून निघून जातो. त्यामुळे चुंबकातून उकळून निघालेला वायू मोठ्या पिशवीत धरायचा, पुन्हा दाबून सिलिंडरमध्ये भरायचा, पुन्हा द्रव करायचा, असं चक्र चालतं. ज्याच्या हातून व्हॉल्व्ह उघडा राहिला त्याला नाना ओरडत नसत. जवळ बसवून आज किती लिटर गेला ते त्याच्याच हाताने वहीत लिहायला लावत. ओरडणं बरं, असं त्यांचे सहकारी म्हणायचे.

अशा माणसाला नातवाच्या वाढदिवसाला नेणं ही आमच्या वहिनीची चूक. हॉलच्या छताला चंदेरी-निळे फुगे टेकलेले. नाना दारातच थबकले. मान वर करून मोजायला लागले, ओठ हलत होते. "पन्नास फुगे म्हणजे साधारण एक लिटर द्रव हेलियम," ते मला म्हणाले, "इथे तीन लिटर आहे." मग फुगेवाल्याला गाठून त्यांनी गंभीरपणे विचारलं, "रिकव्हरी लाइन कुठे आहे?" तो बिचारा म्हणाला, "काका, रिटर्न गिफ्ट तिकडे टेबलावर आहेत." मुलांनी फुगा तोंडाला लावून चिरक्या आवाजात गाणी म्हटली तेव्हा मात्र नाना बाहेर गॅलरीत जाऊन उभे राहिले. एक तर हेलियम वाया जातोय, आणि दुसरं, तो हवेतला प्राणवायू बाजूला सारतो. प्रयोगशाळेत भिंतीवर प्राणवायूचं मीटर असायचं आणि ते वाजलं की सगळी कामं टाकून बाहेर पळायचं असा नियम. वाढदिवसाच्या हॉलमध्ये मीटर नव्हतं.

२००८ मध्ये १९ सप्टेंबरला जिनिव्हाच्या त्या सत्तावीस किलोमीटरच्या कणवेगवर्धक यंत्रात दोन चुंबकांमधला एक जोड बिघडला, ठिणगी पडली आणि सुमारे सहा टन हेलियम बाहेर गेला. आमच्याकडे पितृपंधरवडा चालू होता. नानांनी दोन दिवस नीट जेवण केलं नाही. "सहा टन," एवढंच म्हणत. त्याच्या नावाने पान वाढा, एवढं म्हणायचे राहिले.

काकूला त्यांनी एकदा बक्रेश्वरला नेलं होतं. बीरभूम जिल्ह्यात आहे, शक्तिपीठ आहे, गरम पाण्याची कुंडं आहेत. काकू खूश, नवस फेडायचाच होता. देवीसमोर नानांनी हात जोडले खरे, पण डोळे खिडकीतून कुंडाकडे. त्या पाण्यातून जे बुडबुडे येतात त्यांत शेकड्याला एखाद-दीड भाग हेलियम असतो. तो वेगळा काढायचं कामही शास्त्रज्ञांनी तिथे केलेलं आहे. काकू ओटी भरून बाहेर आली तर नाना कुंडाच्या काठावर उकिडवे, बुडबुड्यांकडे बघत. "जमिनीखालून थेट येतोय गं," ते म्हणाले, "फुकट." त्यांचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला होता, असं काकू सांगते. आपल्या नवसाची आठवण त्यापुढे फिकी पडली, असंही सांगते.

विजयदुर्गला जे झालं ते मी स्वतः पाहिलं. किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' म्हणून जागा आहे. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण बघायला ते बांधले गेले, असं सांगतात, आणि त्या तारखेला तिथे हेलियम दिनही साजरा होतो. माहिती सांगणाऱ्या मुलाने उत्साहाने म्हटलं, "लॉकियर साहेबाने इथेच बसून हेलियम शोधला!" आम्हाला सगळ्यांना मासे खायला जायचं होतं. मी मनात म्हटलं, गेले आता ताट. नाना म्हणाले, "बाळ, लॉकियर तेव्हा इंग्लंडात. त्याने हेलियमची ती पिवळी रेघ ऑक्टोबरमध्ये तिथूनच पाहिली. ग्रहणात दुर्बीण लावून बसला होता तो जान्सेन, आणि तो गुंटूरला. आपल्याकडच्या बाजूला हर्शल होता, पण जमखंडीला." मुलगा गडबडला. मग त्याने अस्सल कोकणी उत्तर दिलं: "काका, मी इथला. तुम्ही म्हणता ते सगळे दुसरीकडे होते. मग कट्टे कोणी बांधले?" नाना थांबले. विचार केला. "ते खरं," म्हणाले, आणि चप्पल काढून त्या कट्ट्याला नमस्कार केला. खिसे रिकामे न करता.

आता चाचणीचा दिवस. तो मी पाहिलेला नाही, पण इतक्या वेळा ऐकलाय की मीच तिथे होतो असं वाटतं. व्हॅक्यूम पंपाला खंडेनवमीला झेंडू वाहिला जायचाच (आणि पाकळी आत जाईल म्हणून नाना तिथे पहारा द्यायचे), पण मोठ्या चाचणीला नारळसुद्धा फुटायचा, इमारतीच्या बाहेर, कारण आत पाण्याचा थेंब नको. मग प्रवाह चढवायला सुरुवात. एक माणूस आकडे म्हणत जायचा, "शंभर... दीडशे... दोनशे..." आणि बाकी सगळे गप्प. कोणी शिंकलं तरी नाना वळून बघत.

कारण अशा चुंबकाला बिघडायला फार काही लागत नाही. आत विजेच्या आणि चुंबकत्वाच्या जोराने प्रत्येक तार बाहेर ढकलली जात असते. त्यातली एखादी केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाइतकी जरी सरकली, की घर्षणाने कणभर उष्णता निर्माण होते. एरवी ती कोणाच्या गणतीतही नसती. पण ४.२ केल्विनला धातूंची उष्णता सोसायची ताकद जवळजवळ संपलेली असते. त्या कणभर उष्णतेने तेवढा ठिपका तापतो, अतिवाहकपण सोडतो, मग विरोध आला, मग आणखी उष्णता, मग शेजारचा तुकडा. बघता बघता सगळा साठा उष्णता होऊन बाहेर पडतो. द्रव हेलियमचा वायू होताना तो सातशे पट फुगतो आणि सुरक्षा-झडप उडून फुस्स असा मोठा आवाज. याला म्हणतात क्वेंच. हे होणार हे गृहीत धरून आधीच बाहेर एक जाडजूड रोधक ठेवलेला असतो, वेटोळ्याच्या दोन अर्ध्यांमधल्या व्होल्टेजचा फरक सारखा तपासला जातो आणि फरक वाढला की क्षणात सगळा प्रवाह त्या रोधकाकडे वळवला जातो.

घरात नाना हा शब्द सर्रास वापरतात. काकू चिडली की "क्वेंच झाला", आणि मग थोडा वेळ ते तिच्या वाटेला जात नाहीत. हेलियम परत भरायला वेळ लागतो, म्हणतात.

पण या सगळ्यात एक नवल आहे, आणि नाना ते सांगताना तरुण होतात. नवं चुंबक पहिल्या खेपेला ठरलेल्या प्रवाहापर्यंत पोचतच नाही. सत्तर टक्क्यांना क्वेंच. पुन्हा थंड करा, पुन्हा चढवा, तर पंचाहत्तरला. मग ऐंशीला. दर खेपेला सैल तारा आपापल्या जागी बसत जातात आणि चुंबक वर चढत जातं. याला त्यांच्या धंद्यात ट्रेनिंग म्हणतात. नानांचा मुलगा सीएच्या परीक्षेत लागोपाठ आपटत होता तेव्हा नातेवाइकांनी समजूत घालायला घर भरून टाकलं होतं. नाना एकदाच बोलले. "या वेळी कितीवर गेला? मागच्या वेळी? वर चाललाय ना? मग झालं." आणि फळीवरून थर्मास काढून त्याला चहा दिला. थर्मासवर त्यांचं एक अर्ध्या तासाचं व्याख्यान आहे. तो जेम्स ड्यूअरने १८९२ साली द्रव वायू ठेवायला केला, पेटंट घेतलं नाही, आणि पुढे कंपनीने तो विकायला काढल्यावर कोर्टात हरला. त्या दिवशी मात्र व्याख्यान झालं नाही. मुलगा पुढे पास झाला. आज तोच नानांचा आयकर भरतो आणि नाना त्याच्या हिशोबात लीक शोधतात.

आणि समजा चाचणी यशस्वी झाली? ठरलेला प्रवाह चढला, तासभर टिकला, ऊर्जा बाहेर काढली, पुन्हा भरली? तेव्हा काय होतं ते मी विचारलं. "काही नाही," नाना म्हणाले. आवाज नाही, धूर नाही, हलणारा भाग नाही. सुई आहे तिथेच. त्यांच्या जुन्या वह्या मी पाहिल्या आहेत. क्वेंचच्या दिवसाची नोंद दोन-दोन पानं, आकृत्यांसकट. सगळ्यात मोठ्या यशाच्या दिवशी एक ओळ: "विशेष काही नाही." खाली सही. सही मात्र नेहमीपेक्षा जरा मोठी.

आजकालच्या चमत्कारांवर त्यांचा विश्वास नाही, कारण १९८७ साली त्यांनी एक खरा चमत्कार पाहिला. द्रव नायट्रोजनच्या तापमानाला अतिवाहक राहणारी मातीच्या भांड्यासारखी ठिसूळ संयुगं सापडली तेव्हा ते नुकतेच नोकरीला लागले होते. "पाच वर्षांत हेलियम लागणार नाही," असं मोठमोठे लोक म्हणाले. ती पाच वर्षं अजून चालू आहेत. नव्या पट्ट्या आल्या, चांगल्याही आहेत, नाना मान्य करतात. पण किलोमीटरच्या किलोमीटर अखंड तार काढणं आणि तोंडाने बोलणं यात फरक आहे. २०२३ च्या जुलैत कोरियातून साध्या तापमानाला चालणाऱ्या अतिवाहकाची बातमी आली. एलके-९९. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याच्या तरंगणाऱ्या तुकड्याचा व्हिडिओ अकरा जणांनी पाठवला. नानांनी एकच ओळ टाकली: "नमुना पाठवा, चार तारा लावून बघतो." काही आठवड्यांत जगभरातून, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतूनही, नकार आले. नानांनी ग्रुपवर त्यावर काहीच लिहिलं नाही. फक्त आधीच्या स्वतःच्या ओळीला अंगठा दिला.

निवृत्तीनंतर ते आमच्याच सोसायटीत राहायला आले, आणि गेल्या पावसाळ्यात त्यांना आयुष्यात पहिल्यांदा घरबसल्या विषय मिळाला. दुपारी दिवे एक क्षण मिणमिणले, परत नीट झाले, आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी, हातात भाजीची पिशवी. लोक जमले. कोणी वॉचमनला हाका मारतंय, कोणी किल्ली शोधतंय. नाना जिन्यावरून सावकाश उतरले, दाराच्या फटीजवळ तोंड नेऊन म्हणाले, "वहिनी, घाबरू नका. हा व्होल्टेज सॅग. नेमका याच्यासाठी स्मेस असतो. जपानात मोठमोठ्या कारखान्यांना लावतात, अर्धा सेकंद व्होल्टेज पडला तर चुंबक तेवढा अर्धा सेकंद सांभाळून घेतं, कोणाला कळतही नाही. आता मला एक सांगा, दिवा पूर्ण गेला होता की नुसता मंद झाला?"

"मंद झाला," आतून आवाज.

"किती वेळ? अंदाजे. घाई नको, आठवून सांगा."

आत थोडा वेळ शांतता होती. मग वहिनी म्हणाल्या, "नाना, ते तुमचं चुंबक आपल्याकडे कधी बसतंय?"

"पैसे मंजूर झाले तर... पाच-एक वर्षांत."

"मग तोवर जरा किल्ली शोधायला मदत करा."